घाबरलेलं पाखरू: शिकवणी सुरू करण्याआधीचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांत आता बजी नाहीतर कॉकाटील, म्हणजे छोटा परदेशी पोपट, आहे. पक्षी आणला की आठवड्याभरात कुणाचा तरी फोन येतोच: "हात लावू देत नाही हो, काय करू?" तीच उत्तरं पुन्हा पुन्हा सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. माझ्याकडे बकुळ नावाची राखाडी कॉकाटील आहे. ती दुसऱ्या घरातून आमच्याकडे आली ती माणसाच्या हाताचा धसका घेऊनच. खाली जे आहे त्यातलं बरंचसं तिनं शिकवलेलं आहे, आणि काही मी केलेल्या चुकांतून आलेलं आहे.

एक खुलासा आधीच करते. आपल्याकडे दुकानात बजीलाच सर्रास "लव्हबर्ड" म्हणतात. बजी मूळचा ऑस्ट्रेलियातला, लांब शेपटीचा. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा आणि बराच ठाम स्वभावाचा. खालची उत्तरं दोघांनाही लागू पडतात, पण आपल्याकडे नक्की कोण आहे ते माहीत असलेलं बरं.

पक्षी आणून चार दिवस झाले. पिंजऱ्यात हात घातला की नुसता धडपडतो. आमचं काही चुकलं का?

हात घातला, एवढंच चुकलं. बजी आणि कॉकाटील हे रानात जमिनीवर उतरून गवताचं बी टिपणारे, थव्यानं राहणारे पक्षी. मान खाली घालून दाणे टिपताना त्यांचा घात होतो तो वरून झडप घालणाऱ्या शिकारी पक्ष्याकडून. त्यामुळे वरून काहीही खाली येताना दिसलं की आधी उडायचं आणि मग विचार करायचा, हे त्यांच्या रक्तातच आहे. आपण पिंजऱ्याच्या दारातून पंजा पसरून हात आत नेतो, तोही बहुतेक वरच्या बाजूनं, आणि बाहेर पडायची एकुलती एक वाटही त्याच हातानं अडवतो. त्याच्या जागी कुणीही घाबरेल.

पहिला आठवडा हात फक्त दाणे-पाणी आणि तळाचा कागद बदलण्यापुरताच आत जाऊ द्या. रोज त्याच वेळी, त्याच क्रमानं: आधी पाणी, मग दाणे, मग कागद. आत हात घालण्यापूर्वी एकच ठरलेलं वाक्य बोला. मी "पाणी बदलतेय गं" म्हणायचे. दहा-बारा दिवसांनी बकुळ ते वाक्य ऐकलं की स्वतःहून वरच्या दांडीच्या पलीकडच्या टोकाला सरकायला लागली. भीती गेली नव्हती, पण आता काय होणार हे तिला आधी कळत होतं. घाबरलेल्या पाखराला सगळ्यात आधी हेच हवं असतं.

पिंजरा कुठे ठेवावा?

घरातल्या वावराच्या खोलीत, एका बाजूला भिंत असेल असा, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर. खोलीच्या मधोमध टांगलेल्या पिंजऱ्यात पक्ष्याला चारही बाजूंनी पहारा द्यावा लागतो. भिंत असली की एक बाजू तरी निर्धास्त. फार कोपऱ्यातल्या, बंद खोलीत ठेवलं तर माणसांची सवयच होत नाही.

स्वयंपाकघरात मात्र कधीही ठेवू नका. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्यातून निघणाऱ्या वायूनं पक्षी काही मिनिटांत मरतो, आणि आपल्याला साधा वासही येत नाही. देवघराजवळही नको. उदबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल, यांतलं काहीच त्याच्या फुफ्फुसांना सोसत नाही. गॅलरीत ठेवायची हौस असेल तर आपण सोबत बसलेलं असताना तासभर ठेवा. इंदुरात शिक्रा अगदी वस्तीतही फिरतो, कावळे आहेत, मांजरं आहेत. जाळीवर एकदा शिक्रा येऊन बसला तर महिन्याभराची मेहनत गेली म्हणून समजा. उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर येऊ देऊ नका आणि डिसेंबरच्या रात्री पिंजऱ्याच्या तीन बाजू चादरीनं झाका.

तो घाबरलाय की आजारी आहे, हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न जितक्या लवकर विचाराल तितकं चांगलं, कारण पक्षी आजार लपवतात. थव्यातला आजारी पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून शेवटपर्यंत धडधाकट असल्याचं दाखवत राहायचं ही त्यांची रीत.

घाबरलेला पक्षी अंग चोरतो. पिसं अंगाला घट्ट चिकटतात, मान उंच होते, तो बारीक आणि लांबुडका दिसायला लागतो. कॉकाटीलचा तुरा वाचायला सोपा आहे: ताठ उभा म्हणजे सावध किंवा दचकलेली, थोडा मागे कललेला म्हणजे निवांत, डोक्याला सपाट चिकटलेला आणि वर "फुस्स" असा आवाज म्हणजे "मागे हो". निवांत पक्षी एक पाय पोटात घेऊन बसतो, पिसं सैल सोडतो, चोच साफ करतो. झोपेआधी चोचीचे दोन भाग एकमेकांवर घासून बारीक करकर आवाज करतो. तुम्ही खोलीत असताना हा आवाज पहिल्यांदा आला, तर ती तारीख लिहून ठेवा.

आजारी पक्षी दिवसाढवळ्या फुगून बसतो, डोळे अर्धवट मिटतो, पिंजऱ्याच्या तळाशी उतरतो. शांत बसलेला असतानाही प्रत्येक श्वासाबरोबर शेपूट वर-खाली होते. विष्ठेचा रंग किंवा पातळपणा बदलतो. यांतलं काही दिसलं तर विश्वास-बिश्वास बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. पशुवैद्य पक्षी बघतात का हे फोनवर आधी विचारून घ्या, कारण सगळेच बघत नाहीत. आपल्याजवळ महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करता येईल. मे महिन्यात चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकत असेल तर ते ऊन बाधतंय. पिंजरा लगेच सावलीत, गार जागी हलवा.

जवळ बसायची सवय नेमकी कशी लावायची?

त्याची रेष शोधा. लांबून हळूहळू पिंजऱ्याकडे चाला आणि त्याच्याकडे लक्ष ठेवा. एका ठिकाणी तो खाणं थांबवेल, अंग आवळेल. ती त्याची रेष. दोन पावलं मागे या आणि तिथे खुर्ची टाका. पाट टाकून खाली बसलात तर आणखी चांगलं, कारण आपण त्याच्यापेक्षा खाली असलो की त्याला धीर येतो. मग पेपर वाचा, शेंगा सोला, भाजी निवडा. त्याच्याकडे टक लावून बघू नका. शिकारी प्राण्यांचे डोळे समोर असतात आणि ते सावजावर रोखलेले असतात. आपलेही डोळे समोरच आहेत. कडेनं, ओझरतं बघा, डोळे सावकाश मिटा-उघडा.

मोठ्यानं वाचलं तर फार उपयोग होतो. काय वाचता याला महत्त्व नाही, आवाज सलग आणि सौम्य हवा. आमच्याकडे सासूबाई रोज दुपारी पोथी वाचतात. सगळ्यात आधी बकुळ रुळली ती त्यांच्या आवाजाला, आणि त्यांनी तिच्याकडे कधी वळूनही पाहिलं नव्हतं. मला वाटतं, म्हणूनच रुळली.

तुम्ही बसलेले असताना तो खायला लागला, अंग सैल सोडून पिसं साफ करायला लागला, की दुसऱ्या दिवशी खुर्ची वीतभर पुढे. अंग आवळलं तर पुन्हा मागे. एवढंच, पण रोज.

किती दिवस लागतात?

हातानं भरवून वाढवलेलं पिल्लू आठ-दहा दिवसांत खांद्यावर येऊ शकतं. दुकानातल्या गर्दीच्या पिंजऱ्यातून आणलेल्या मोठ्या बजीला दोन-तीन महिने लागू शकतात. पूर्वी कुणी धरपकड केलेली असेल तर त्याहून जास्त. बकुळला हातातून पहिला दाणा घ्यायला सहा आठवडे लागले.

हातातून खायला कसं शिकवायचं?

आधी त्याची आवड शोधा. बहुतेकांना राळ्याचं कणीस प्रिय असतं. आपल्या दुकानांत "कंगनी" म्हणून मागितलं की मिळतं. कॉकाटीलला सूर्यफुलाच्या बिया आवडतात. त्या तेलकट असतात, रोजच्या वाटीत नकोतच. वाटीतून काढून घ्या आणि फक्त तुमच्याच हातून मिळू द्या.

सुरुवातीला हात आत न्यायचाच नाही. जाता-येता वाटीत एक बी टाकायची आणि थांबायचं नाही, निघून जायचं. तुम्ही जवळ आलात की काहीतरी चांगलं होतं आणि मग तुम्ही निघूनही जाता, हे दोन्ही त्याच्या लक्षात यायला हवं. मग लांब कणीस गजांच्या बाहेरून, त्याच्या छातीच्या उंचीवर धरायचं. हात स्थिर. दुखायला लागला तर टेकू घ्या, पण कणीस त्याच्या तोंडाकडे सरकवू नका. यायचं त्यानं. दोन मिनिटं धरा, नाही आला तर शांतपणे काढून घ्या. दर दोन-तीन दिवसांनी कणसाचा तुकडा थोडा आखूड करा.

आता माझी चूक. बकुळ आल्याच्या आठव्या दिवशी मला वाटलं, आता बास, एवढं काय घाबरायचं. दार उघडलं आणि तळहातावर दाणे घेऊन हात सरळ आत घातला. तिनं अशी उसळी मारली की पंख गजांत अडकला आणि नवं उगवत असलेलं पीस मोडलं. उगवत्या पिसाच्या देठात रक्त असतं. तळाच्या कागदावर, दांडीवर, माझ्या बाहीवर लाल ठिपके उडाले. कॉर्नफ्लोअरची चिमूट दाबून धरली तेव्हा रक्त थांबलं, पण त्यासाठी तिला रुमालात धरावं लागलं, म्हणजे जिला हाताची भीती तिला पुन्हा हातातच. त्यानंतर तीन आठवडे मी खोलीत आले की ती मागच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहायची.

मग मी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. रोज सकाळी सात वाजता, चहाचा कप शेजारी ठेवून, पाटावर बसून, गजांबाहेर कणीस धरून. एका सकाळी ती दांडीवरून एक पाऊल माझ्याकडे सरकली, थांबली, तुरा वर गेला, थोडा खाली आला. आणखी एक पाऊल. मग मान लांब करून अगदी टोकाचा एक दाणा उचलला आणि लगेच मागे. सोलताना तिचं डोकं तिरकं, एक डोळा माझ्यावर. टरफल खाली पडलं. मी हललेही नाही, चहा पार गार झाला.

"दिवसभर उपाशी ठेवा, मग येईल हातावर," असं दुकानदार सांगतो. करू का?

नाही. बजीचं वजन तीस-चाळीस ग्रॅम, अंगात साठा जवळजवळ नाही. एक दिवस पोट रिकामं राहिलं तर जिवावर बेतू शकतं. शिवाय भुकेनं आलेला पक्षी तुमच्याकडे नाही, दाण्याकडे आलेला असतो, आणि हात बघितला की त्याला ती भूक आठवते. सकाळी वाटी भरायच्या आधीची दहा मिनिटं वापरा, तेवढी भूक पुरते.

पंख कापले तर लवकर माणसाळतो म्हणतात, ते खरं का?

पळून जाता येत नाही म्हणून तो बसून राहतो, आणि आपण त्याला माणसाळणं म्हणतो. माझं मत स्पष्ट आहे: घाबरलेल्या पक्ष्याचे पंख कापू नयेत. एक तर कापायला धरावं लागतं, तिथेच विश्वास गेला. दुसरं, उडता न येणारा पक्षी दचकला की दाणकन खाली आदळतो आणि छातीच्या हाडाला इजा होते. तिसरं, पळता येत नसेल तर चावणं एवढंच हत्यार त्याच्याकडे उरतं. पिंजऱ्याबाहेर सोडताना पंखे बंद करा, खिडक्या-दारं लावा, आरशावर कापड टाका, गॅसवर काही नसेल हे बघा, आणि त्याला पंखांसकट राहू द्या.

हातमोजे घालून किंवा टॉवेलात धरून रोज सवय केली तर?

गप्प बसेल. ते शरण जाणं आहे, त्याचा भरवशाशी संबंध नाही. आणि एक गोष्ट सगळ्यांना माहीत असायला हवी: पक्ष्याला आपल्यासारखा छाती-पोटामधला श्वासाचा पडदा नसतो. छातीचा पिंजरा पुढे-मागे हलला तरच हवा आत-बाहेर होते. मुठीत छाती आवळली गेली तर नाक-चोच मोकळी असूनही तो गुदमरून मरतो. औषधासाठी धरावंच लागलं तर पातळ रुमालात, मानेच्या दोन्ही बाजूंना बोटांचा सैल आधार देऊन, छाती मोकळी ठेवून धरा. डॉक्टरांकडून एकदा हात बसवून घ्या.

चावला तर काय करायचं?

ओरडू नका, हात झटकू नका, तोंडावर फुंकर मारू नका, चोचीवर टिचकी तर अजिबात नको. हळूच हात काढा आणि आधीच्या दहा सेकंदांत काय झालं ते आठवा. बहुतेक वेळा त्यानं आधी सांगितलेलं असतं: मागे झुकला होता, तुरा सपाट केला होता, एक पाय उचलून थांबवलं होतं. आपण बघितलं नाही. "नको" म्हटल्यावर हात मागे जातो हे त्याला कळलं की चावायची गरज उरत नाही. माझ्या सगळ्या अनुभवाचं सार काढायचं तर ते एवढंच, की त्याला नाही म्हणायची मुभा द्या आणि ती मनापासून द्या.

घरात लहान मुलं आहेत. त्यांना लांबच ठेवायचं का?

लांब ठेवू नका, काम द्या. सहा-सात वर्षांचं मूल कोथिंबिरीची काडी गजांत अडकवून मागे येऊ शकतं. पिंजऱ्यावर टकटक करायची नाही, बोटं आत घालायची नाहीत, धावत खोलीत यायचं नाही, हे तीन नियम पाहुण्यांच्या मुलांनाही सांगा, वाईट वाटलं तरी. पक्षी हाताळल्यावर साबणानं हात धुवायची सवय सगळ्यांनाच हवी.

एकटा आहे म्हणून घाबरतो का? जोडी आणू?

एकटेपणा त्याला सोसत नाही, हे खरं. दिवसातून दोन-तीन तास त्याच्या आसपास कुणीच नसेल असं घर असेल तर हरकत नाही. दिवसभर कुलूप असेल तर जोडीचा विचार जरूर करा. नवा पक्षी महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवा, आजार पसरू नयेत म्हणून. दोन पक्षी एकमेकांत रमतात, माणसाळायला वेळ जास्त लागतो. पण धीट पक्षी तुमच्या हातून खाताना बघून भित्राही पुढे येतो, हेही पाहिलंय.

दिवाळी, लग्नाचे बँड, रंगपंचमीची गेर (रंग उडवत निघणारी मिरवणूक), या दिवसांत काय करायचं?

राजवाडा, सराफा त्या भागात राहत असाल तर गेरीच्या दिवशी पिंजरा सकाळीच मागच्या खोलीत हलवा. तो दिवस शिकवायचा नाही. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंख्याची नाहीतर रेडिओची सलग घरघर चालू, आणि शक्य असेल तर घरचं कुणीतरी खोलीत. दिवाळीत धुराचाही विचार करा.

कॉकाटील रात्री अंधारात दचकून पिंजऱ्यात वेड्यासारखी आपटतात. गाडीचा झोत भिंतीवर फिरला, पाल सरकली, तरी पुरे होतं. तेव्हा पिंजऱ्यात हात घालू नका. मंद दिवा लावा, नेहमीच्या आवाजात बोला, ती दांडीवर येईपर्यंत थांबा, मग रक्त आलंय का बघा. रात्रभर छोटा नाइटलॅम्प ठेवला की हे बरंच कमी होतं. दहा-बारा तास झोप मात्र हवीच. बैठकीत अकरापर्यंत टीव्ही चालत असेल तर त्याची झोपायची जागा बदला.

बोलायला कधी शिकेल?

आधी भीती जाऊ द्या. घाबरलेला पक्षी ऐकतो, पण शिकत नाही. कॉकाटील शब्दांपेक्षा शीळ लवकर उचलतात, त्यातही नर.

आमच्याकडे झाडावरून पडलेला देशी पोपट आहे. त्यालाही हेच लागू होतं का?

आपला हिरवा राघू पाळणं, विकणं, विकत घेणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे, कितीही लळा लागला तरी. पडलेलं पिल्लू ठणठणीत असेल आणि घरटं दिसत असेल तर परत ठेवा. जखमी असेल तर वनविभागाला कळवा. घरात वाढलेला पोपट एकदम सोडूनही देऊ नका, त्याला खाणं शोधता येत नाही. आफ्रिकन ग्रे, मकाव असे परदेशी पक्षी असतील तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्यांची नोंद करावी लागते.

बोटावर घ्यायला, म्हणजे खरी शिकवणी सुरू करायला, पक्षी तयार आहे हे कसं कळतं?

तुम्ही खोलीत आल्यावर तो मागे न जाता पुढच्या दांडीवर येतो. दार उघडं असताना हातातून खातो, आणि दाणा घेऊन पळत नाही, तिथेच उभा राहून सोलतो. हात आत असताना अंग सैल असतं. हे आठवडाभर टिकलं की पहिला धडा द्या: आइस्क्रीमची काडी वीतभर लांब धरा, त्यानं कुतूहलानं चोच लावली की तत्क्षणी जिभेनं "टॉक" असा आवाज करा आणि दाणा द्या. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, त्याचं मन लागलेलं असतानाच थांबवायचं. काडीमागे तो चालायला लागला की बोट आडवं, त्याच्या पोटाखाली, दांडीसारखं धरायचं. वरून नाही. कुरवाळायचं ते फक्त डोकं आणि मान, तेही त्यानं मान वाकवून पुढे केली तर.

डॉक्टरकडे नेऊन आणलं आणि आता पुन्हा जवळ येत नाही. सगळं वाया गेलं?

नाही, पण मागे जावं लागेल. खुर्ची पुन्हा लांब, कणीस पुन्हा लांब, बोलणं तेच. पहिल्यांदा महिना लागला असेल तिथे आता बहुधा आठ-दहा दिवस लागतात, कारण जुनी ओळख पुसलेली नसते. औषध पाजायचं काम शक्य असेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या, दुसऱ्या खोलीत, वेगळा रुमाल वापरून, म्हणजे कणसाचा हात आणि औषधाचा हात वेगळे राहतील. आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात बकुळला पाच दिवस औषध होतं. पाजायचे हे, आणि संध्याकाळी मी पाटावर बसायचे. सहाव्या दिवशी तिनं यांना बघून तुरा सपाट केला आणि माझ्याकडे येऊन कणसाचं टोक ओढलं. यांनाही मग रोज सकाळी पाटावर बसायला लागलं. अठरा दिवस.